वर्दी आणि पाचारण

माझी बायको ज्या कादंबऱ्या वाचते त्यांतले फायरमन बंब धूत नाहीत, पाण्याचे होज वाळत घालत नाहीत आणि विहिरीत पडलेली म्हैस काढायला जात नाहीत. ते फक्त आगीत शिरतात आणि प्रेमात पडतात. मी या शहराच्या अग्निशमन दलात बावीस वर्षं नोकरी करतोय. आगीत शिरलो, नाही असं नाही. पण त्याच्या कितीतरी पट म्हशी काढल्या, रस्त्यावर पडलेली झाडं कापली, पतंगाच्या मांज्यात अडकलेली घुबडं सोडवली आणि उन्हाळ्यात दौलताबादकडच्या डोंगरावर गवत पेटलं की ओल्या फांद्यांनी ते झोडपत बसलो. यातलं काहीही कादंबरीत येत नाही. म्हणून पहिल्यांदा मला त्या पुस्तकांचा रागच आला होता.

पुस्तकं आली ती आमच्या छावणीतल्या चर्चमध्ये. मंडळीतल्या एका बाईंची मुलगी परदेशात असते. ती सुट्टीला आली तेव्हा महिला मंडळासाठी खोकंभर इंग्रजी कादंबऱ्या ठेवून गेली. सगळ्या ख्रिस्ती कादंबऱ्या आणि सगळ्या फायरमनच्या. गोष्ट साधारण एकच. एक फायरमन असतो, त्याचं देवाशी बिनसलेलं असतं. एक बाई असते, तिचं देवाशी चांगलं असतं. गावात कुणीतरी मुद्दाम आगी लावत फिरत असतो आणि तो कोण ते कळत नाही. शेवटच्या आधीच्या प्रकरणात बाई आगीत सापडते, फायरमन दारात गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि दार उघडतं. शेवटच्या प्रकरणात आग लावणारा पकडला जातो आणि या दोघांचं लग्न ठरतं. मुखपृष्ठावर हेल्मेट काखेत धरून, आगीकडे पाठ करून उभा असलेला देखणा माणूस. आमच्याकडे कुणी आगीकडे पाठ करून असा उभा राहिला तर साहेब त्याला तिथंच सोलून काढतील.

बायको एका शाळेत इंग्रजी शिकवते. मंडळातल्या बायकांना इंग्रजी वाचायला जड जातं, म्हणून दर आठवड्याला एक प्रकरण ती वहीत मराठीत उतरवायची आणि रविवारी उपासना झाली की बायकांना वाचून दाखवायची. मी बाहेर लिंबाखाली स्कूटर लावून थांबायचो. आत चहा-खारी असायची. एका रविवारी मी चहाच्या आशेनं आत गेलो तर बायका डोळ्याला पदर लावून बसलेल्या आणि ही वाचत होती. पहाटेची वेळ आहे, नायक गाढ झोपेत आहे, आणि अचानक त्याला पाचारण होतं. तो ताडकन उठतो, बूट चढवतो आणि धावत सुटतो. एक म्हातारी बाई म्हणाली, "प्रभू असाच बोलावतो बाई, झोपेतनं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाचारण हा आमचा शब्द आहे, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा. देव एखाद्याला आपल्या सेवेसाठी बोलावून घेतो, त्याला आम्ही पाचारण म्हणतो. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, पाचारण होतं. मिशनच्या दवाखान्यात जन्म काढणाऱ्या नर्सबाईंना होतं. फायरमनला पहाटे चार वाजता पाचारण झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. घरी जाताना स्कूटरवर मी तिला विचारलं, "इंग्रजीत शब्द काय होता गं?"

"कॉल," ती म्हणाली. "त्याला कॉल आला."

"आगं मग ती वर्दी आली त्याला. कुठंतरी आग लागली, ठाण्यात निरोप आला. त्याला आमच्यात वर्दी म्हणतात."

"वर्दी म्हणजे कपडे ना?"

"कपडे बी वर्दी आन् निरोप बी वर्दी. वर्दी आली की वर्दी घालायची आन् निघायचं."

 मला हसू आवरत नव्हतं आणि मागं बसून तिला माझ्या पाठीवरून ते कळलं असावं, कारण मिल कॉर्नरला तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला. पुस्तकात ती आग पुढं एका कचऱ्याच्या पेटीची निघते, आणि तिच्या वर्दीवर सगळ्या बायका रडल्या होत्या. पुढच्या रविवारी तिनं मंडळात उभं राहून चूक कबूल केली. बायकांनी ऐकून घेतलं आणि एकमुखानं सांगितलं की पाचारणच राहू द्या, ते बरं वाटतं. पण त्या दिवसापासून वही मंडळात जाण्याआधी माझ्यासमोर यायला लागली.

आमचं लग्न पाळकसाहेबांनी जुळवलेलं. मी गंगापूर तालुक्यातल्या खेड्यातला, ती छावणीतली, शिकलेली. आम्ही भांडलो नाही कधी फार, पण बोललोही नाही फार. मी बारा तासांची ड्युटी करून यायचो, धुराचा वास धुऊन टाकायचो आणि झोपायचो. ती वह्या तपासायची. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर तर घरात फक्त पंख्याचा आवाज उरला होता. आता मात्र मी घरी आलो की ही वही उघडून बसलेली असायची. होजच्या तोंडाला काय म्हणतात, धूर काळा कधी असतो आणि पिवळट कधी, जिना चढताना भिंतीला हात का लावायचा, असं काहीबाही विचारायची. मला इतके प्रश्न आयुष्यात कुणी विचारले नव्हते. मी ठाण्यातून निघतानाच मनात गोळा करायला लागलो की आज हिला काय सांगायचं.

तीही थोडी लबाडी करायची. एका प्रकरणात नायक-नायिका ओल्या अंगानं बंबाच्या मागं उभे असतात आणि तिच्या वहीत लिहिलेलं, 'त्याने तिचा हात आदराने हातात घेतला.'

"इंग्रजीत बी हातच आहे का?" मी विचारलं.

"मंडळात सत्तर वर्षांच्या बाया बसतात," ती वहीत तोंड घालून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर बायकोचे कान लाल झालेले बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मला त्या फालतू मुखपृष्ठाच्या पुस्तकांनी दिली. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच संपला.

अशाच एका संध्याकाळी तिनं विचारलं, "आत जाताना, दारात, तुम्ही काय म्हणता?"

मी दारात काही म्हणत नाही. धुराचा रंग बघतो, माणसं मोजतो, कुठून बाहेर पडता येईल ते बघून ठेवतो. तोंडातून काही निघालंच तर अडकलेल्या होजच्या नावानं शिवी निघते. मी चर्चला जातो, देवाला मानतो, पण तिथं उभं राहिल्यावर देवाला सांगायचं काही मला सुचत नाही. हे तिला तसंच सांगायला काही हरकत नव्हती. पण तिनं पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं आणि माझ्याकडे अशी बघत होती की त्या बघण्याला मी भुललो.

"प्रभूची प्रार्थना म्हणतो," मी म्हणालो. दर रविवारी सगळी मंडळी मिळून म्हणते, तीच.

"पूर्ण?"

"पूर्ण. मनात."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "बंब निघाला की मला एक मेसेज करत जा. नुसता 'वर्दी' एवढाच. मीही त्याच वेळी म्हणेन." त्यानंतर बंब निघाला की मी मोबाइलवर 'वर्दी' टाकायचो आणि काम आटोपलं की 'परत'. म्हैस काढायला निघालो तरी टाकायचो. दोन वर्षं हे चाललं. मधल्या वेळात ती जिथं असेल तिथं डोळे मिटायची, आणि तिला वाटायचं की तिकडं मीही मिटलेत.

आता त्या दुपारचं सांगतो. उन्हाळा होता. शहराबाहेरच्या औद्योगिक भागात गाद्यांचं एक गोदाम पेटलं. मागच्या बाजूला फोमचे ढीग होते आणि बाजूच्या लोखंडी जिन्यानं वर गेलं की पत्र्याची एक खोली, तिच्यात वॉचमन झोपलेला. आमचा बंब पहिला पोचला. दोघांनी होज घेऊन मागची आग धरली. मला वर जायचं होतं.

बंबाचा ड्रायव्हर शहागंजचा, मुसलमान. अकरा वर्षं आम्ही एकाच शिफ्टला आहोत आणि माझ्या डब्यातलं लोणचं तो मला न विचारता खातो. बंब उभा केला की पंप चालवणं हेही त्याचंच काम. पंपावरच्या माणसानं जागा सोडायची नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. आत होज धरलेल्या माणसाचं पाणी त्याच्या हातात असतं.

मी पाठीवर हवेची टाकी चढवली, तोंडावर मास्क घेतला आणि जिना चढायला लागलो. सात-आठ पायऱ्या चढलो असेन. पुढं जिन्याला वळण होतं आणि वळणावरून काळा धूर खाली येत होता. मी थांबलो. असे जिने मी शेकड्यानं चढलोय. पाठीवर हवा होती, हातात बॅटरी होती, वर माणूस होता हे ठाऊक होतं. पण पाय उचलला जाईना. याला कारण काय, ते मला आजही सांगता येत नाही. कठडा हातमोज्यातून गरम लागत होता आणि मी तो धरून उभा होतो.

मागून कुणीतरी मला खांद्यानं भिंतीवर ढकललं. "हट," एवढंच ऐकू आलं. ड्रायव्हर होता. त्यानं पंपावरून मला उभा राहिलेला बघितलं होतं. पंप चालू ठेवून, तोंडाला ओला पंचा गुंडाळून तो तसाच वर आला होता. टाकी नाही, मास्क नाही. तो वळणावरून दिसेनासा झाला आणि थोड्या वेळानं वॉचमनला काखेत धरून ओढत परत आला. तेव्हा माझे पाय सुटले. मी वॉचमनचे पाय उचलले आणि आम्ही खाली उतरलो. मी पुढं होतो, हे महत्त्वाचं. शेवटच्या पायरीवर त्यानं वॉचमनला माझ्या अंगावर टाकलं आणि पंपाकडे पळाला. समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या लोकांच्या फोटोत आला तो मी, धुरातून माणूस घेऊन येणारा.

वॉचमन वाचला. ड्रायव्हरचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता.

"सायलेन्सर लगा बोल," दवाखान्याच्या बाहेर तो मला म्हणाला. "और आदमी तू लाया बोल. मैं पंप छोडा बोलके मालूम पडा तो मेरेकू मेमो मिलेंगा."

"आन् मी थांबलो व्हतो ते?"

"वो किसने देखा? मैंने देखा क्या?" तो दुसरीकडे बघत म्हणाला.

रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं गेलं. मला ते सोयीचं होतं हे मी कबूल करतो. त्याला वाचवण्यासाठी गप्प बसलोय, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते अर्धं खरं होतं म्हणून चांगलं पचत होतं. पेपरात माझा फोटो आला. बायकोनं तो कापून पवित्रशास्त्रात, म्हणजे बायबलात, ठेवला.

"तुमचा मेसेज आला तेव्हा माझा सातवीचा तास चालू होता," ती म्हणाली. "मुलांना निबंध लिहायला दिला आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. त्या दिवशी दोनदा म्हटली. का कोण जाणे, एकदा पुरेशी वाटली नाही." हे सांगताना तिचे डोळे भरले आणि मी उठून पाणी प्यायला गेलो. तहान लागलेली नव्हती.

महिला मंडळानं पाळकसाहेबांकडे धरणंच धरलं की यांची साक्ष झाली पाहिजे. साक्ष म्हणजे मंडळीसमोर उभं राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. आगीच्या चौकशीत मी कोर्टात साक्ष दिलेली आहे, तिथं वकील उलटतपासणी घेतो. चर्चमध्ये ती कुणी घेत नाही, सगळे आमेन म्हणतात. रविवार ठरला. त्याच रविवारी बायको चालू कादंबरीचं शेवटून दुसरं प्रकरण वाचणार होती, दारात गुडघे टेकायचं. बायकांनी दोन्ही मुद्दाम एका दिवशी आणलं होतं.

तो आठवडा मी चोरासारखा काढला. शनिवारी ठाण्याच्या मागं होज वाळत घालताना मी ड्रायव्हरला सांगितलं की उद्या मला चर्चमध्ये बोलायचंय. त्याच्या हाताची पट्टी सुटली होती, कातडी गुलाबी दिसत होती. तो होजची घडी सरळ करत राहिला.

"देख," तो म्हणाला, "रजिस्टर में झूठ लिखा, चलता. साब को झूठ बोला, वो भी चलता, वो भी कौन से सच्चे हैं. पर उधर नक्को बोल. वो घर उसका है."

"मग तुला मेमो मिळंल."

"मिलने दे. दस साल में एक मेमो, उसमें क्या. मैं खुद जाके साब को बोलता. तू तेरा देख."

आणि तो खरंच गेला. साहेबांनी त्याला पंप सोडल्याबद्दल मेमो दिला आणि मला खोटी नोंद केल्याबद्दल. त्याच्यापेक्षा माझा मोठा होता, आणि ते बरोबरच होतं. वॉचमनला बाहेर काढल्याबद्दल साहेबांनी त्याला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला, हे मात्र कुठल्या कागदावर आलं नाही.

मेमो मला जड गेला नाही. जड होतं ते घरी सांगणं. संध्याकाळी ती माझा पांढरा शर्ट उद्यासाठी इस्त्री करत होती. मी दारात उभा राहून सांगितलं. जिना, वळण, धूर, थांबलेले पाय, ड्रायव्हरचा धक्का, सगळं.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "किती वेळ थांबला होतात?"

"ठाऊक नाय. दोन मिनिटं. जास्ती बी असंल."

"मग त्यांचा हात?"

"जिन्याच्या कठड्यानं भाजला. सायलेन्सर-बियलेन्सर काही नाय."

"घाबरलात?"

"व्हय."

"माणूस घाबरतो," ती म्हणाली आणि परत इस्त्री उचलली. मला वाटलं, सुटलो. तिनं कॉलर केली, एक बाही केली. मग मान वर न करता विचारलं, "दारात प्रार्थना म्हटली होती?"

इथं मला 'हो' म्हणता आलं असतं. रजिस्टर खरं झालं होतं, जिना खरा झाला होता, हे एक राहिलं तर कुणाचं काय बिघडत होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, बाहीकडे बघत होती, आणि तिच्या हातातली इस्त्री थांबली होती.

"नाय," मी म्हणालो.

"त्या दिवशी नाही?"

"कधीच नाय म्हटली. तू वही उघडून बसली व्हतीस म्हणून तसं सांगितलं तुला."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. प्लग काढला, वायर गुंडाळली. हे सगळं झाल्यावर बोलली. "तुम्ही थांबलात याचं मला काही नाही. तुमच्या जागी मी असते तर बंबातून उतरलेच नसते. पण दोन वर्षं तुमचा मेसेज आला की मला वाटायचं, आपण दोघं एकाच वेळी तेच शब्द म्हणतोय. तुम्ही तिकडे, मी इकडे. शाळेत म्हटलंय, बाजारात भाजीवाल्यासमोर म्हटलंय. मला त्यात इतकं बरं वाटायचं की सांगता यायचं नाही. आणि मी एकटीच म्हणत होते."

 त्या पुस्तकांतल्या नायकाला अशा वेळी एखादं वाक्य सुचतं. मी तिथंच उभा राहिलो, आणि ती अर्धी इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर ठेवून आत गेली.  बावीस वर्षांत एवढी भीती मला कुठल्या आगीची वाटली नव्हती. वीस वर्षं एका घरात राहून आम्हाला एकमेकांशी बोलायला जमलं ते गेल्या दोन वर्षांत, आणि त्या दोन वर्षांच्या तळाशी मी खोटं घातलं होतं.

सकाळी शर्टाची दुसरी बाही इस्त्री झालेली होती.  "काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा," एवढंच चर्चच्या फाटकात म्हणाली आणि बायकांकडे निघून गेली. ती बाजू डावी. आमच्याकडे बाया डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसतात. नियम नाही, रीत आहे. लग्नाचा दिवस सोडला तर आम्ही दोघं चर्चमध्ये कधी एका बाकावर बसलो नव्हतो.

पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी पुढं जाऊन उभा राहिलो. पहिल्या बाकावर महिला मंडळाच्या म्हाताऱ्या हातरुमाल काढून तयार होत्या. मी बोललो ते फार नव्हतं. म्हणालो की पेपरात छापून आलंय ते खरं नाही. मी जिन्यात थांबलो, मला पुढं जाता आलं नाही. वॉचमनला माझ्या सोबत्यानं काढलं, तो पंपावर होता, त्याच्याकडे मास्कही नव्हता. त्याचा हात भाजला आणि शाबासकी मी घेतली. तो नमाज पढणारा माणूस आहे आणि इथं येऊन खोटं बोलू नकोस, हे मला त्यानंच सांगितलं. आणि तुम्ही मंडळात ऐकलं असेल की मी दारात प्रार्थना म्हणतो. तेही मी माझ्या बायकोला खोटं सांगितलं होतं. तिची यात काही चूक नाही.

साक्ष संपली की मंडळी आमेन म्हणते. कुणी म्हटलं नाही. वर पंखे फिरत होते. पाळकसाहेब खाकरले, गीतपुस्तक उघडलं आणि क्रमांक सांगितला. मी खाली उतरून उजवीकडच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. तिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं म्हणून मी पायातल्या बुटांकडे बघत राहिलो.

पेटीचा सूर लागला. मंडळी उभी राहिली. तेवढ्यात डावीकडे काहीतरी हललं आणि एकेक करून लोकांच्या माना तिकडे वळल्या. ती बायकांच्या रांगेतून, गुडघ्यांना धक्के लागत, सॉरी सॉरी म्हणत बाहेर आली होती. मधली वाट ओलांडून ती पुरुषांच्या बाजूला आली, माझ्या बाकापर्यंत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. ती माझ्याकडे नाही, समोर बघत होती.

"राग गेलेला नाही माझा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"ठाऊक आहे."

मंडळी गायला लागली. ती गात नव्हती. तिच्यासमोर पुस्तक नव्हतं, माझ्या हातातलं मी उघडलं नव्हतं.

"जिन्यात उभे होतात तेव्हा मनात काय होतं?" तिनं विचारलं.

"काही नाय."

"दोन मिनिटं माणूस उभा राहतो आणि मनात काही नसतं?"

मी आठवून बघितलं. तो जिना मी त्यानंतर रोज मनात चढत होतो, पण कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. "देवा, माझ्याच्यानं नाय होत," मी म्हणालो. "एवढंच. तेच तेच परत. देवा, माझ्याच्यानं नाय होत, दुसरं कुणाला तरी पाठव."

आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा तिनं वळून सरळ माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते आणि राग अजून त्यांत तसाच होता.

"मग मला का सांगितलंत," ती म्हणाली, "की तुम्ही प्रार्थना म्हटली नाही म्हणून?"